सासूचा बोल आणि नवऱ्याचें मौन

मुलांस शाळेंत सोडावयास आलेल्या आया दारांत क्षणभर थांबतात, तेव्हां आमच्या कानीं एकच गाऱ्हाणें पडतें. धाकट्याला अंगावर पाजलें तर सासू म्हणते, दूध पातळ आहे. वरचें दिलें तर म्हणते, माया आटली. उचललें तर लाडावतेस, निजवलें तर टाकून दिलेंस. कुणब्याची सून असो कीं कुंभाराची, दिवसभर कामाला जुंपलेली असते आणि वर ही परीक्षा रोज नव्यानें देते. कोणी तिला सांगतो, सोसावें. कोणी सांगतो, वेगळें निघावें. दोन एकरांत वेगळी चूल मांडणें किती सोपें असतें, तें असा उपदेश करणाऱ्यानें एकदां आमच्या गांवीं येऊन पाहावें.

आमचें मत निराळें आहे, आणि तें आम्हांस आमच्याच घरीं लाज घेऊन शिकावें लागलें. आमची थोरली लेक आठ महिन्यांची असतां ऐन उन्हाळ्यांत तिला हगवण लागली. आमच्या कुटुंबानें आशाताईकडून जलसंजीवनीची पुडी आणली. मातोश्री कडाडल्या, "वरनं पानी घातलं तर खालनं ज्यादा जाईल. पोट बांधू दे. म्या पाच पोरं वाढवली, तू मला शिकिवतीस व्हय?" सून म्हणाली, "आत्याबाई, दवाखान्यात तसंच सांगत्यात," आणि तिनें आमच्याकडे पाहिलें. आम्ही, पोरांना आरोग्याचा धडा घोकवणारे मास्तर, वर्तमानपत्रांत डोकें घालून बसलों. पुडी फडताळांत राहिली.

दुसऱ्या दिवशीं लेकीचे डोळे खोल गेले, लघवी थांबली. तालुक्याच्या दवाखान्यांत शिरेंतून पाणी भरलें तेव्हां ती वांचली. डॉक्टरांनीं विचारलें, घरीं पाणी कां पाजलें नाहीं? आमच्या कुटुंबानें सासूचें नांव घेतलें नाहीं. आमचेंही घेतलें नाहीं.

त्या रात्रीं खाटेपाशीं आम्हीं आईला विचारलें, "आई, वाढवलीस पाच, पण झाली किती?" ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "सात. तुज्या वरचा असाच हगवणीनं गेला. पानी पानी करत व्हता. म्या वाटी घिऊन बसले, तर सासूनं हातातनं वाटी काढून घेतली." हें १९७७ सालचें. चाळीस वर्षें पोटांत ठेवलेली ती वाटी तिनें आपल्या सुनेच्या हातून काढून घेतली होती, आणि तें तिचें तिलाच आतां उमगलें.

वाचकहो, १९७१ सालीं बांगलादेशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीची सांथ होती. शिरेंतून द्यावयाचें पाणी संपलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर-मिठाचें पाणी तोंडानें पाजविलें. शेंकडा तीसपर्यंत गेलेलें मृत्यूंचें प्रमाण चारांच्याही खालीं आलें. म्हणजे आमचा भाऊ गेला त्याच्या सहा वर्षें आधींच हें ज्ञान सिद्ध झालें होतें. तें आमच्या वाडीवर पोंचलें नाहीं, हा आमच्या आजीचा दोष कसा म्हणावा? पण आज पुडी अंगणवाडींत मिळते. न मिळाली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावें, थोडें थोडें पाजावें, अंगावरचें दूध बंद करूं नये. मूल मलूल झालें कीं मात्र घरीं बसूं नये. आतां पुडी फडताळांत राहिली तर दोष आमचा, घरांतल्या कर्त्या पुरुषाचा.

सासूचें सगळेंच टाकाऊ असतें असें नव्हे. अंगाला तेल चोळणें, बाळाशीं सारखें बोलत राहणें, सहा महिन्यांनंतर नाचणीची पेज, पोराच्या हातीं मोबाईल न देणें, हें आमची आई बरोबर सांगते आणि सून चुकते, असेंही घडतें. पण चीक पिळून टाकणें, पोट फुगलें म्हणून डाग देणें, याला भीड धरूं नये. आणि तें सुनेनें सांगूं नये. तिनें सांगितलें कीं तें उलट उत्तर होतें. तेंच लेकानें सांगितलें तर सल्ला होतो. ही रीत अन्यायाची आहे खरी, पण रीत मोडेपर्यंत मूल थांबत नाहीं. आईला एकांतांत सांगावें, शेजारणींपुढें नव्हे. तिला अंगणवाडींत बरोबर न्यावें. दहा बायांत ऐकलेलें तिला लवकर पटतें. पारावर स्त्रीशिक्षणावर तासभर बोलणारे आमचे कित्येक बंधु घरीं मात्र "तुमचं तुम्ही बघा" म्हणून चपला घालतात. आम्हीही त्यांतलेच होतों.

धाकट्याला पोट बिघडलें तेव्हां आईनें स्वतःच पाणी उकळलें आणि चमचा बोटानें सपाट करून साखर मोजली. मग सुनेकडे वळून म्हणाली, "टोपडं केवढं ढिलं बांधलंस गं, वारं लागंल की पोराला." आम्ही वर्तमानपत्र खालीं ठेवलें. टोपडें खरेंच ढिलें होतें.