गुपचूप चहात टाकलेली पुडी



‘दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता!’ ही जाहिरात तुम्ही कधी ना कधी पाहिलीच असेल. पूर्वी ती एसटी स्टँडच्या भिंतीवर दिसायची, आता मोबाईलवर येते. खाली फोन नंबर, शंभर टक्के खात्री आणि ‘जडीबुटी आहे, काही अपाय नाही’ हे वाक्य. रोजची भांडणं, बाटलीत जाणारा पगार, भेदरलेली मुलं... अशा घरातल्या बाईने ती पुडी मागवली, तर तिला दोष देववत नाही.

पण ती पुडी चहात टाकण्याआधी एवढं तरी कळायला हवं, की ती मेंदूत जाऊन काय करते.

आधी व्यसनाचं बघू. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. ‘हे आवडलं, पुन्हा कर’ हा धडा मेंदू त्याच्या मदतीने गिरवतो. दारू, तंबाखू, अफू या सगळ्या गोष्टी हाच धडा जबरदस्तीने गिरवून घेतात. शिवाय दारू मेंदूला सुस्त करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळायला स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. अशा माणसाची दारू एकाएकी बंद झाली, की सुस्ती जाते आणि उत्तेजना मात्र तशीच राहते. मग हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, काहींना दोन-तीन दिवसांत भास होऊ लागतात. यात जीवही जाऊ शकतो. म्हणूनच ‘पुडीने दारू सुटली’ या आनंदाच्या बातमीमागेही धोका असू शकतो.

मग वनस्पतींचा मेंदूवर परिणाम होतो का? होतो, चांगलाच होतो. आपल्याच दोन वनस्पती घ्या. सर्पगंधा आपल्याकडे शतकानुशतकं वापरात आहे. 1949 साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा तिचा उपयोग जगापुढे मांडला. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. ते मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं. माणूस शांत होतो, पण काहींना खोल उदासी येते.

दुसरी खाजकुहिली. अंगाला लागली की खाज सुटते, तीच. तिच्या बियांत एल-डोपा असतं आणि मेंदू त्यापासून डोपामिन बनवतो. म्हणजे एक वनस्पती साठा उपसते, दुसरी भरते. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी 1950च्या दशकात रेसर्पिन देऊन निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा दिलं, तर ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिनवरच्या या कामासाठी त्यांना 2000 साली नोबेल मिळालं.

तंबाखू सोडवण्यातही एका झाडाची मोठी मदत झाली आहे. युरोपात लॅबर्नम नावाचं झाड असतं. पिवळ्या घोसांमुळे ते आपल्या बहाव्यासारखं दिसतं, पण जात वेगळी आणि बिया विषारी. त्यातलं सायटिसिन मेंदूत निकोटिनच्याच जागेवर जाऊन बसतं. त्यामुळे तलफ कमी होते आणि सिगारेट ओढली तरी पूर्वीसारखी मजा येत नाही. बल्गेरियात 1964 पासून त्याच्या गोळ्या मिळतात. पण त्या मोजून-मापून बनवलेल्या असतात. झाडाचं बी तोडून खाल्लं तर विषबाधाच होईल.

सांगायचं एवढंच, की जे झाडपाल्याचं औषध खरोखर काम करतं, ते मेंदूत शिरूनच करतं. आणि जे मेंदूत शिरतं, त्याला मात्रा असते, अपाय असतो, दुसऱ्या औषधांशी भांडणही असतं. अश्वगंधेने सुस्ती येते आणि दारूबरोबर ती वाढू शकते. शिवाय काही लोकांत तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पिणाऱ्याचं यकृत तर आधीच थकलेलं असतं. ‘कामिनी विद्रावण रस’ या जुन्या पाठातल्या औषधात अफू असते. अशा गोळ्यांचंच व्यसन लागलेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिले आहेत. एक सुटावं म्हणून घ्यावं आणि दुसरं गळ्यात पडावं!

आता ‘न सांगता’बद्दल. पुडीवर घटक लिहिलेले नसतील, तर आत काय आहे हे विकणाराच जाणे. डॉक्टर देतात ती डायसल्फिराम ही गोळी घेऊन कोणी दारू प्यायलं, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून ती रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. असं काही चोरून पोटात गेलं आणि त्याने वर पेग घेतला, तर काय होईल याचा विचार करा. शिवाय उद्या त्याला कळलं, तर घरच्या जेवणावरचा त्याचा विश्वासही जाईल. व्यसनातून बाहेर यायला नेमका तोच विश्वास लागतो.

मग करायचं काय? बेंगळुरूत असाल तर निम्हान्सचं व्यसनमुक्ती केंद्र आहे. आयुर्वेदाची आवड असेल तर तिथेच आयुर्वेद आणि योगाचा विभागही आहे, म्हणजे दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचं औषध माहीत राहतं. पुण्यात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. तिथे व्यसनाला आजार मानतात आणि घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतात. लांब जाणं जमत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानसचा 14416, हे दोन्ही सरकारी नंबर मोफत आहेत. पिणारा तयार नसला तरी घरच्यांनी आपल्यासाठी फोन करायला हरकत नाही.

पुडी आधीच दिली जात असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. पाकीट सोबत न्या. आणि रोज पिणाऱ्याला ‘आजपासून एक थेंब नाही’ असं घरच्या घरी बजावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.