मुख्याध्यापक नाही, नुसता ‘चार्ज’ आहे!

चांगला मुख्याध्यापक कुणाला म्हणायचं, याचं उत्तर शिक्षकांकडून डोंबिवलीत एक मिळतं आणि मुरबाड-शहापुरात दुसरंच. शहरातल्या मोठ्या अनुदानित हायस्कुलात मुख्याध्यापकाच्या हाताखाली पर्यवेक्षक, क्लार्क, शिपाई असतात. तिथले शिक्षक बघतात ते हे, की तासांची वाटणी सरळ करतो का, संस्थाचालकांसमोर आपली बाजू घेतो का.

पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत आधीचाच प्रश्न उरतो. मुख्याध्यापक आहेच कुठे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा हिशोब असा: पहिली ते पाचवीला ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. स्वतंत्र मुख्याध्यापक पट १५० च्या वर गेला तरच. पाड्यावर एवढी पोरं आणायची कुठून? मग दोघांतल्या जुन्या शिक्षकाकडे चार्ज. तोच वर्ग शिकवणार, तोच पोषण आहाराचा तांदूळ मोजून मोबाईलवर नोंद टाकणार, यू-डायसची माहिती भरणार, आणि तालुक्याला मीटिंग लागली की एसटी पकडणार. त्या दिवशी पाचही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात.

म्हणून इथल्या शिक्षकांची मोजपट्टी वेगळी. चार्जवाला स्वतः फळ्यासमोर उभा राहतो का? कागदाचं काम सोबत्यावर ढकलतो, की आधी स्वतः उचलतो? गावातलं कुणी पोरावरून भांडायला आलं तर सोबत्याच्या मागे उभा राहतो, की हात वर करतो? भाषण कसं करतो हे कुणी विचारत नाही, १५ ऑगस्ट सोडून.

यात गावाचाही वाटा आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या महिला. बऱ्याच ठिकाणी सभा म्हणजे रजिस्टरवर सह्या, झालं. पाण्याची टाकी, छपराची दुरुस्ती, ग्रामपंचायतीचे फेरे एवढं पालकांनी अंगावर घेतलं तरी चार्जवाल्याचे तास वर्गाला मिळतील.

कायद्याचं कलम २७ सांगतं, की जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचं काम सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावायचं नाही. पण मीटिंगा आणि ऑनलाईन भरणा शाळेचंच काम म्हणून सुटतात. खरी गळती तिथेच आहे. तेव्हा पुढच्या सभेत एकच आकडा मागा: गेल्या महिन्यात किती दिवस शाळेत एकटाच शिक्षक होता, आणि कशापायी? उत्तर ठरावात लिहा. एक प्रत केंद्रप्रमुखाला द्या, दुसरी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्याला, आणि पोच घ्यायला विसरू नका.