पक्ष सोडला कोणी? कापूसवाल्यांच्या एका खासदाराची गोष्ट



गेल्या बैठकीत जेवणाच्या सुट्टीत एक वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. युद्धाचा विषय निघाला आणि एका भावाने विचारले, "ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आला, त्याच पक्षाच्या सरकारने युद्ध पुकारले आणि हा गडी सभागृहात उभा राहून विरोध करतो. पटत नसेल तर राजीनामा द्यावा, घरी बसावे. पक्षात राहून पक्षाच्या पायात पाय घालायचा, ही कुठली निष्ठा?" बऱ्याच माना डोलल्या. माझी डोलली नाही. पंगत उठली, बोलणे अर्धवट राहिले, म्हणून हे लिहितो आहे.

उदाहरण अमेरिकेतले घेतो, पण माणूस आपल्याच पिकाच्या मुलखातला आहे.

नॉर्थ कॅरोलिना राज्यात स्कॉटलंड नेक नावाचे लहानसे गाव आहे. आजूबाजूला कापूस, भुईमूग, तंबाखू. तिथला क्लॉड किचिन १९०१ पासून अमेरिकन संसदेच्या खालच्या सभागृहात बसत होता. १९१७ साली तो मागच्या बाकावर डुलक्या घेणारा सभासद नव्हता. डेमॉक्रॅटिक पक्षाचा सभागृहातला नेता तोच, आणि कर बसवणाऱ्या समितीचा अध्यक्षही तोच. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन त्याच्याच पक्षाचे. युरोपात महायुद्ध पेटलेले होते आणि आम्ही देशाला त्यातून बाहेर ठेवले, असे सांगून या पक्षाने १९१६ ची निवडणूक जिंकली होती. त्यानंतर पाच महिनेही झाले नाहीत, तोच २ एप्रिल १९१७ रोजी विल्सनसाहेबांनी संसदेकडे जर्मनीविरुद्ध युद्धाची परवानगी मागितली.

वरच्या सभागृहाने ८२ विरुद्ध ६ मतांनी होकार दिला. खालच्या सभागृहात रात्रभर भाषणे चालली आणि ६ एप्रिलच्या पहाटे मते पडली. युद्धाच्या बाजूने ३७३, विरोधात ५०. त्या पन्नासांत सत्ताधारी पक्षाचा नेताच बसलेला! इंग्लंडनेही समुद्र अडवून आपले हक्क तुडवले, तेव्हा आपण युद्धाला उठलो नाही, मग आताच का, असा त्याचा सवाल होता. तो हेही म्हणाला की ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्याला मी दूषण देणार नाही, पण माझी वाट मला दिसते आहे आणि अनवाणी, एकट्याने चालावे लागले तरी मी तिच्यावरूनच चालणार.

झाले! वर्तमानपत्रांनी झोड उठवली. राजीनामा द्या, जर्मनांचे हस्तक आहात, असली भाषा सुरू झाली. आपल्या जेवणाच्या सुट्टीतला प्रश्न हाच होता. मी उलटे विचारतो. पक्ष सोडला कोणी? मतदारांकडे जाऊन युद्ध टाळू असे सांगितले ते पक्षाने. शब्द फिरवला तो पक्षाच्या वरच्या माणसांनी. किचिन जिथे उभा होता तिथेच उभा राहिला. बैलगाडी रस्ता सोडून नाल्यात उतरली, तर रस्त्यावर थांबलेल्याला पळपुटा म्हणायचे काय?

आणि युद्ध म्हणजे काय असते हे कापूसवाल्यांना नुकतेच कळले होते. १९१४ च्या जुलैअखेर युरोपात युद्ध भडकले आणि न्यूयॉर्कचा कापूस बाजार बंद झाला, तो नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बंदच. इकडे शेतात पीक भरघोस. पौंडाला बारा-तेरा सेंटचा भाव सहा-सातवर आला. कापूस त्यांचा, तोटा त्यांचा, आणि लढाई ठरवणारे कोण, तर लंडन आणि बर्लिनचे साहेब. पुढे १९१५ साली इंग्लंडने कापसाला युद्धाचा माल ठरवून जर्मनीकडे जाणारा कापूस अडवला, कारण कापसापासून स्फोटक दारू होते.

कोणी म्हणेल, नंतर भाव चढले की! चढले. १९१९ च्या हंगामात सरासरी ३५ सेंटपर्यंत गेले, आणि पुढच्याच हंगामात निम्म्याहून खाली कोसळले. चढत्या भावावर कर्ज काढून जमीन घेतलेला तिथेच बुडाला. वऱ्हाडाला ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ मध्ये, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपले, मुंबईतल्या सट्टेवाल्यांचे दिवाळे वाजले आणि भाव उतरला तो शेतकऱ्याच्या डोक्यावर.

आता दुसरा आक्षेप, आणि तो जास्त अवघड आहे. युद्ध सुरू झाल्यावर याच किचिनने युद्धाच्या खर्चाला मंजुरी दिली, करांची विधेयकेही स्वतःच मांडली. म्हणजे विरोध तोंडापुरताच होता? काही जण तेव्हाही असे म्हणाले. मला हा आक्षेप पटत नाही. ठराव हरला, पोरे खंदकात गेली, आता त्यांच्या बंदुकीच्या गोळ्या अडवायच्या, हे त्याला मान्य नव्हते. पण युद्धाचे बिल कोणाच्या नावावर फाडायचे, हे ठरवणे त्याच्या हातात होते. तिथे त्याने खुर्ची धरून ठेवली, हेच बरे झाले. राजीनामा दिला असता तर त्या खुर्चीत कोण बसले असते?

आधीच, १९१६ च्या कायद्यात, दारूगोळा बनवणाऱ्यांच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर बसला होता. १९१७ च्या ऑक्टोबरच्या कायद्याने जादा नफ्यावर वीस ते साठ टक्के कर लावला, आणि सर्वांत श्रीमंतांच्या वरच्या उत्पन्नावरचा कर ६७ टक्क्यांपर्यंत नेला. कर्ज काढून भार नातवंडांवर टाकू नका, आज कमावणाऱ्याकडून आज घ्या, हा त्याचा हट्ट. एक गंमत सांगतो. त्याच कायद्यात वर्तमानपत्रे टपालाने पाठवण्याचे दर अंतराप्रमाणे वाढवले. युद्ध हवे म्हणून मोठमोठे मथळे छापणारे मालक, बिल आपल्याही दारात आले म्हटल्यावर कसे उसळले असतील!

त्याच्यावर आणखी एक आरोप झाला, दक्षिणेतले कापूसवाले उत्तरेच्या कारखानदारांना लुटतात असा. हा अगदीच खोटा नव्हता. गव्हाचा भाव सरकारने बुशेलला, म्हणजे साधारण सत्तावीस किलोला, २ डॉलर २० सेंटला बांधला. कापसाचा मात्र मोकळा सोडला. गहूवाले शेतकरी खवळले आणि १९१८ च्या निवडणुकीत पक्षाला ते भोवले. एका शेतकऱ्याचा भाव बांधायचा आणि दुसऱ्याचा सोडायचा, हे आपल्याला मान्य होण्यासारखे नाही. दोघांचाही मोकळा हवा होता.

किचिनची आरती ओवाळायचीही नाही. काळ्या माणसांचे मत हिरावून घेणाऱ्या १८९८ च्या मोहिमेत हा गृहस्थ पुढे होता. त्याच्या आधी त्या मतदारसंघातून जॉर्ज व्हाइट हा काळा खासदार निवडून येत असे. मतदानाच्या अटी अशा केल्या की तो रस्ताच बंद झाला. किचिन शेवटपर्यंत, १९२३ साली मरेपर्यंत, निवडून येत राहिला हे खरे, पण कापूस वेचणाऱ्या हजारो हातांना त्या निवडणुकीत मतच नव्हते. युद्धाच्या रात्री तो बरोबर होता. म्हणून बाकीचे धुऊन निघत नाही.

आता आपल्याकडे या. युद्ध पुकारण्याआधी संसदेचे मत घेण्याची सक्ती आपल्या राज्यघटनेत नाही. पण समजा असा ठराव आला आणि पक्षाने व्हीप काढला. त्या दिवशी आपला किचिन उभा राहिला तर काय होईल? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने, घटनेच्या दहाव्या परिशिष्टाने, त्याची खासदारकी जाऊ शकते. विल्सनसाहेबांना जे करता आले नाही, ते इथे पक्षाच्या एका कागदाने होते. कायदा केला घोडेबाजार थांबवण्यासाठी. घोडे ठोकभावाने विकले जातच राहिले, दावे पडले ते एकट्याने बोलणाऱ्याच्या गळ्यात. कापसाची निर्यात असो, ज्वारीचा भाव असो की युद्ध असो, आपण दिल्लीला पाठवलेला माणूस बोट वर करताना आधी पक्षाच्या कचेरीकडे बघतो.

याला तोड सुचवलेली आहे. १९९० साली दिनेश गोस्वामी समितीने सांगितले की व्हीप मोडल्याबद्दल सभासदत्व जाण्याची शिक्षा सरकारवरच्या विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरती ठेवा. १९९९ साली विधी आयोगानेही म्हटले की सरकार धोक्यात असेल तेव्हाच व्हीप काढावा. दोन्ही कागद दिल्लीत धूळ खात आहेत. येत्या जिल्हा बैठकीत हा ठराव मांडणार आहे. ज्या भावाने प्रश्न विचारला, त्याने विरोधात बोलावे. त्याला वेळ मिळेल, आणि या वेळी जेवणाच्या आधी.