दुकान जळालं, चंदा जमला, पॉलिसी बँकेतच राहिली

कुठेही दंगल झाली की दुसऱ्या दिवशी आपल्या मोबाइलवर तीन गोष्टी येतात: जळालेल्या दुकानाचा व्हिडिओ, क्यूआर कोड आणि दुआची विनंती. आपली पिढी या कामात तरबेज झाली आहे. दोन दिवसांत चंदा जमतो, चौथ्या दिवशी रेशन किट पोचतं. माझी तक्रार मदतीबद्दल नाही. या सगळ्या धावपळीत त्या दुकानदाराला ‘तुमच्या दुकानाचा विमा होता का?’ एवढं कुणी विचारत नाही, ही माझी तक्रार आहे.

आणि विमा पुष्कळदा असतो. दुकानासाठी बँकेचं कर्ज किंवा कॅश क्रेडिट घेतलं असेल, तर बँक सहसा मालाचा विमा उतरवायला लावते आणि हप्ता दुकानदाराच्याच खात्यातून कापते. पॉलिसीचा कागद मात्र बँकेच्या फायलीत पडून राहतो. मोहल्ल्यातल्या दुकानदारांचे कागद चाळताना पासबुकात ‘इन्शुरन्स’ असं लिहिलेली ओळ मला अनेकदा दिसते. विचारलं तर उत्तर येतं, “बँकवाले काटते हैं कुछ तो.” ज्याचे पैसे कापले जातात त्याला पॉलिसीची प्रत मागायचा पूर्ण हक्क आहे. बँकेने ती आपणहून न देणं ही बँकेची हलगर्जी, पण वर्षानुवर्षं न मागणं ही आपली.

‘दंगलीचं नुकसान विम्यात मिळत नाही’ हा आपल्याकडचा दुसरा पक्का समज. तो चुकीचा आहे. १ एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना तीन ठरावीक पॉलिसी विकाव्या लागतात. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’, पाच कोटींपर्यंतच्या व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यावर पन्नास कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. आगीबरोबर दंगल, संप आणि कुणी हेतुपुरस्सर केलेली नासधूस यांत येते. पहिल्या दोन पॉलिसींत तर त्या घटनेमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरीही धरली जाते. म्हणजे शटर तोडून आधी माल पळवला, मग दुकान पेटवलं, अशा वेळी काय मागायचं हे पॉलिसीतच लिहिलेलं आहे. एक गोष्ट मात्र यात बसत नाही. सरकारी आदेशाने झालेली पाडापाडी वगळलेली असते. बुलडोझरविरुद्ध विमा मिळत नाही, तिथे कोर्टातच जावं लागतं. गाडीचंही नीट समजून घ्या. रस्त्यावर चालायला कायद्याने लागतो तो थर्ड पार्टी विमा. रिक्षा जाळली गेली तर त्यातून मालकाला एक रुपया मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा हवा.

इथे कुणीतरी म्हणणारच, विमा हराम आहे. हा वाद खरा आहे आणि मी तो उडवून लावत नाही. ओआयसीच्या फिकह अकादमीने १९८५ साली जेद्दाहमध्ये व्यापारी विमा नाजायज आणि सहकारी विमा जायज ठरवला. मुस्तफा जरका यांच्यासारखे मोठे फकीह विमा मुळात जायज मानत होते. मलेशियाने १९८४मध्येच तकाफुलचा कायदा केला. दंगलींचा धोका लक्षात घेऊन आपल्याकडच्या काही उलेमांनीही जान-मालाच्या विम्याला मुभा दिली आहे. ज्याचं मन तरीही मानत नाही त्याने घेऊ नये, तो त्याचा हक्क. पण हप्ता कापला जात असताना गप्प बसायचं आणि दावा करायची वेळ आली की तकवा आठवायचा, याला दीनदारी म्हणता येत नाही. त्यात फायदा फक्त कंपनीचा होतो. कुराणातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवायला सांगते. आपण ती तिलावत करतो आणि सही कोऱ्या फॉर्मवर करतो.

कारण दावे बुडतात ते बहुतेक वेळा या फॉर्मवरच. एजंट म्हणतो, “सही करा, बाकी मी भरतो,” आणि पॉलिसीवर पत्ता जुन्या दुकानाचा पडतो. माल मागच्या गल्लीतल्या गोदामात असेल तर त्या गोदामाचा विमाच नाही. हप्ता वाचवायला दहा लाखांचा माल पाच लाखांचा दाखवला, तर चार लाखांच्या नुकसानीवर साधारण दोनच लाख हातात येतात. घरात शिलाईकाम किंवा पॅकिंग चालत असेल तर ते सांगावं लागतं, घरगुती पॉलिसीत धंद्याचा माल येत नाही. काही फायर पॉलिसींमध्ये हप्ता थोडा उतरवण्यासाठी दंगलीचं कलमच काढून टाकता येतं, तेही बघून घ्या. आणि बिलं! खरेदीची बिलं, स्टॉकचं रजिस्टर आणि दुकानाचे फोटो दुकानातच ठेवले तर तेही दुकानाबरोबर जळतात. मोबाइलवर फोटो काढून बहिणीला किंवा भावाला पाठवून ठेवायला पाच मिनिटं लागतात.

‘विमा घेतला की सरकार सुटतं,’ असा एक आक्षेप आपल्या चळवळीतलेच मित्र घेतात. मला तो पटत नाही. भिवंडी १९७० आणि १९८४, मुंबई १९९२-९३, धुळे २०१३. माणसांची जान आणि रोजी वाचवणं हे सरकारचं काम होतं आणि आहे. नुकसानभरपाईची मागणी सोडायची नाहीच. पण आयोग बसतो, अहवाल येतो, अहवालावर धूळ बसते, आणि तोवर दुकानदार भावाच्या दुकानात कामाला लागलेला असतो. विम्याच्या पैशाने त्याचं शटर पुन्हा उघडलं तर तो न्यायासाठी जास्त दिवस लढू शकतो.

दावा करताना मालाला हात लावण्याआधी फोटो काढा, एफआयआरमध्ये जमावाने जाळलं हे स्पष्ट लिहून घ्या आणि कंपनीला लगेच लेखी कळवा. सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मागा. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करून महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, एकट्या मालकाच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसीही तिथे चालतात. नाहीतर ग्राहक आयोग आहे, त्याला दोन वर्षांची मुदत असते.

आपल्या रिलीफ कमिट्यांच्या फॉर्मवर नाव, मोबाइल नंबर, घरातली माणसं आणि नुकसानीचा अंदाज असे रकाने असतात. त्यात आणखी दोन घाला: कर्ज कोणत्या बँकेचं, आणि पॉलिसी नंबर काय.