उशिरा मिळालेली क्षमा



पत ही तिजोरीतील रकमेहून मोठी असते, हे आपल्या घरांतील मुले पेढीवर बसण्यापूर्वीच शिकतात. गेलेली पत पुन्हा मिळण्यासही वेळ-काळ असतो, हे मात्र आपण विसरतो. म्हणून या वेळी एका परदेशी खेळाडूची कथा सांगतो.

सँडी टर्नबुल हा स्कॉटलंडमधील हर्लफर्ड गावी १८८४ साली जन्मलेला व्यावसायिक फुटबॉलपटू. १९०४ साली इंग्लंडचा एफ.ए. चषक जिंकणाऱ्या मँचेस्टर सिटी संघात तो होता. त्या काळी खेळाडूस आठवड्याला चार पौंडांहून अधिक वेतन देण्यास मनाई होती. सिटीने नियमाबाहेर पैसे दिल्याचे १९०६ साली सिद्ध झाले आणि सतरा खेळाडूंवर काही काळ बंदी आली. त्यांत टर्नबुलही होता. पुढे तो मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला. १९०८ साली युनायटेडने प्रथमच लीगचे विजेतेपद मिळविले, त्या हंगामात लीगमधील त्याचे गोल पंचवीस होते. १९०९ च्या चषकाच्या अंतिम सामन्यातील एकमेव गोल त्याचाच. १९१० साली ओल्ड ट्रॅफर्डचे नवे मैदान खुले झाले, तेथील पहिला गोलही त्यानेच केला.

एवढी जमा बाजू असूनही मोह आवरला नाही. १९१५ च्या गुड फ्रायडेला युनायटेडने लिव्हरपूलला २-० असे हरविले. याच निकालावर एकास सात या भावाने पैजा लागल्या होत्या. दोन्ही संघांतील काही खेळाडूंनी निकाल आधीच ठरविला होता. टर्नबुल त्या दिवशी मैदानात नव्हता. तरीही चौकशीत तो कटात सामील असल्याचे ठरले आणि सात खेळाडूंवर आजन्म बंदी आली. सप्तव्यसनांत द्यूताला पहिले स्थान का दिले आहे, हे येथे कळते. द्यूत एकट्याने शिरत नाही, असत्य आणि चौर्य यांना हाताशी धरून येते.

टर्नबुल सैन्यात गेला. ३ मे १९१७ रोजी फ्रान्समध्ये, आरासच्या लढाईत तो मारला गेला. त्याची कबर ज्ञात नाही. आरासच्या स्मारकावर केवळ नाव आहे. युद्धसेवेची दखल घेऊन १९१९ साली फुटबॉल संघटनेने त्याच्यावरील बंदी उठविली. नाव निष्कलंक करण्याचा तो निर्णय ऐकण्यास तो उरला नव्हता.

शिक्षा अयोग्य होती, असे कोणी म्हणणार नाही. परंतु पर्युषणाच्या अखेरीस आपण दरवर्षी क्षमा मागतो व देतो, ती समोरचा माणूस हयात असताना. दुकानातून काढलेला जुना मुनीम, वाटणीनंतर अबोला धरलेला सख्खा भाऊ, यांपैकी कोणाचे खाते आपल्याकडे अद्याप उघडे आहे काय? दोष नावे लिहिलेला असू द्यावा. पण ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणण्यासाठी त्या दारी एकदा स्वतः जावे.