माणसाचा दोर वेगळा, फांदीचा दोर वेगळा

मे महिना लागला की बुरोंडी आणि आसपासच्या गावांत झाडावरच्या कामांची एकच घाई उडते. कलमांवरचा शेवटचा आंबा उतरवायचा असतो, कौलांवर झुकलेली फांदी पावसाआधी काढायची असते, माडाच्या सुक्या झावळ्या पाडायच्या असतात. बाग अनेकदा दुसऱ्याची असते, वर चढणारा माणूस मात्र आपल्या घरातला असतो. कमरेला आकडी, आकडीला कोयती आणि खांद्यावर दोराचे वेटोळे घेऊन तो वर जातो. तो दोरही फांदी खाली सोडण्यासाठी असतो. माणसाला बांधायला दोर नसतोच. याला आपण आजवर हिंमत म्हणत आलो. माझ्या मते ही कामाची चुकीची पद्धत आहे आणि ती बदलणे आपल्या हातात आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या माड-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा झोपवल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. अशा वादळानंतर घरांवर, रस्त्यांवर, तारांवर पडलेली झाडे तोडायला गावातलेच लोक धावतात. ते काम साध्या छाटणीपेक्षा कितीतरी धोक्याचे असते. अर्धवट मोडून दुसऱ्या झाडावर रेललेले खोड ताणलेल्या धनुष्यासारखे असते. ताणलेल्या बाजूवर एकदम घाव घातला की ते फाटून उसळते आणि कापणाऱ्याच्या छातीवर येते. अशा वेळी बाजूला उभे राहून, आधी दबलेल्या बाजूने थोडा आणि मग ताणलेल्या बाजूने हळूहळू छेद घ्यायचा असतो. घाईला तिथे जागा नाही.

आरोग्याच्या पानावर हा विषय का, असे कुणी विचारेल. झाडावरून पडलेला माणूस वाचला तरी त्याचा पाठीचा कणा मोडलेला असू शकतो. कण्यातली मज्जारज्जू दुखावली तर कमरेखालचे अंग लुळे पडते, लघवी-शौचावरचा ताबा जातो, पडून राहून पाठीला जखमा होतात. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. ते काम बायको करते, आई करते, नाहीतर शाळा सोडून मुलगी करते. एका माणसाच्या पडण्याने सगळे घर खाली येते.

आता पद्धतीविषयी. पहिला नियम असा की चढणाऱ्याचा दोर आणि फांदीचा दोर कधीही एक असू नये, आणि एकाच बेचक्यातून जाऊ नये. चढणाऱ्याने खांदे, छाती आणि मांड्या धरणारा पूर्ण अंगाचा पट्टा घालावा. घेताना त्यावर आयएस ३५२१ ही खूण आहे का ते बघावे. नुसता कमरेला बांधलेला दोर माणसाला अडवतो खरा, पण सगळा झटका पोटावर आणि कण्यावर बसतो. पट्ट्याला दोन आखूड दोर हवेत. वाटेत फांदी आडवी आली की दुसरा दोर वर अडकवून मगच पहिला सोडायचा, म्हणजे माणूस क्षणभरही मोकळा राहत नाही. कोयती किंवा मशीन चालवताना दोन्ही दोर अडकवलेले असावेत, कारण चुकलेला एक घाव दोर कापू शकतो.

बुरोंडीसारख्या मासेमारीच्या गावात दोराला तोटा नाही. पण होडीवरचा जुना प्लास्टिकचा दोर माणसासाठी वापरू नये. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने तो आतून कुजलेला असतो आणि घासला की वितळतो. तो दिसतो धड, तुटतो अचानक.

फांदी सोडण्याचेही शास्त्र आहे. दोर वरच्या भक्कम बेचक्यातून घेऊन खाली बुंध्याला दोन-तीन वेढे द्यावेत. वजन त्या वेढ्यांवर येते आणि खालचा माणूस हळूहळू दोर सोडू शकतो. दोर हाताला किंवा कमरेला कधीच गुंडाळू नये, कारण फांदी त्यालाच उचलून नेते. फांदी आधी खालून थोडी कापावी, मग किंचित पुढे वरून. म्हणजे साल सोलत खोडापर्यंत फाटत नाही. मोठी फांदी एकदम न पाडता तुकडे करून उतरवावी. चार फूट मोकळी पडून झटक्याने थांबलेली फांदी दोरावर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ताण देते.

चढण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारावी. पोकळ खोड, वाळकी फांदी, बुंध्याशी अळंबी, मधमाश्यांचे पोळे, लाल मुंग्यांची घरटी, सगळे आधी बघावे. शेवग्याची आणि जांभळाची फांदी कडकन मोडते. पावसात शेवाळलेल्या सालीवर पाय ठरत नाही. जवळून विजेची तार जात असेल तर महावितरणला १९१२ वर कळवून प्रवाह बंद झाल्याशिवाय हात लावू नये. आंबे काढायच्या झेल्याला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची काठी तर तारेजवळ मुळीच नेऊ नये. आणि दारू पिऊन झाडावर चढू नये. पाचवे शील आपण वंदनेत म्हणतो, या कामात ते जीव वाचवते. आदल्या रात्रीचा अंमलही सकाळी तोल बिघडवतो.

यावर नेहमीचे उत्तर असते, "बाप-आजा असेच चढले." जे पडले त्यांची नावे मात्र या वाक्यात येत नाहीत. खरी अडचण पैशाची आहे. झाडामागे दर ठरला की घाई होते, आणि पट्टा बांधायला लागणारी दहा मिनिटे नुकसान वाटतात. म्हणून दर ठरवतानाच सांगितले पाहिजे की पट्टा, दोर, हेल्मेट आणि खाली एक जाणता माणूस यांचा खर्च झाडाच्या मालकाचा. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामाचे तास मालकाच्या मर्जीवर सोडले नाहीत, कायद्यात दुरुस्ती मांडली. आपल्या माणसाचा जीवही कुणाच्या मर्जीवर सोडू नये.

शिकण्याची सोयही आहे. नारळ विकास मंडळाने २०११ पासून केरळात 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' हे प्रशिक्षण सुरू केले. त्यात यंत्राने माडावर सुरक्षित चढायला शिकवतात. माडावर चढणाऱ्यांसाठी मंडळाची 'केरा सुरक्षा' विमा योजनाही आहे. तरुणांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठात आणि भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात अशा प्रशिक्षणाची चौकशी करावी. शिवाय प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. १८ ते ७० वयाच्या प्रत्येकाच्या बँक खात्यावर ते असलेच पाहिजे.

तरीही कुणी पडलाच, तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून तर अजिबात नेऊ नका. मोडलेला कणा तिथेच कायमचा निकामी होतो. डोके आणि मान हाताने स्थिर धरा, १०८ ला फोन करा. हलवावेच लागले तर चौघांनी मिळून, अंग न वाकवता फळीवर घ्या. पट्ट्यात लटकून राहिलेल्या माणसाला मात्र काही मिनिटांत खाली आणावे लागते, कारण पायांत रक्त साचून तो बेशुद्ध पडतो. म्हणून खालच्या माणसालाही चढता आले पाहिजे.

प्रत्येकाने हे सामान घेणे जमणार नाही. वाडीतल्या बचत गटाने किंवा विहार समितीने मिळून दोन पट्टे, दोन चांगले दोर आणि दोन हेल्मेट घ्यावेत आणि कामाला जाणाऱ्याने नेऊन परत आणावेत. घरातल्या माय-भगिनींनी डबा देताना एवढेच विचारावे, "पट्टा घेतला का, आणि खाली कोण आहे?" उत्तर नाही असे आले, तर त्या दिवशी त्याला झाडावर पाठवू नये.