चिठ्ठी बांधणारा कोण?
अमेरिकेंत आयरिस नांवाच्या फुलझाडाची हौस बाळगणाऱ्यांची संस्था २९ जानेवारी १९२० रोजीं न्यूयॉर्क येथें स्थापन झाली. जॉन विस्टर हे पहिले अध्यक्ष. १९३४ पर्यंत तें ओझें त्यांनीं वाहिलें. देशाचे विभाग पाडून प्रत्येकावर एक उपाध्यक्ष असतो. त्यास वेतन नाहीं.

आयरिसचे गड्डे आपल्या हळदीप्रमाणें पसरतात. तीन-चार वर्षांत दाटी होऊन फूल कमी येतें, म्हणून ते उपटून, फोडून पुन्हां लावावे लागतात. उरलेले गड्डे सभासद स्थानिक मंडळास देतात व त्यांच्या विक्रीवर मंडळाचा खर्च भागतो. पण ते गोळा करणें, जातीच्या नांवाची चिठ्ठी बांधणें, हिशेब ठेवणें, हें बहुधा तींच चार माणसें करितात. हारतुरे मात्र उत्तम फूल काढणारास! आमचें आयुष्य दप्तरांत गेल्यामुळें असेल, पण आम्हांस चिठ्ठी बांधणाराच अधिक मोलाचा वाटतो. चिठ्ठी चुकली, तर ती चूक फूल उमलेपर्यंत कोणास कळत नाहीं.

आमच्या मंडळांतही अध्यक्षपदास तिघे उभे राहतात, चिटणिशीस कोणी नाहीं. तरी पुढील सभेंत प्रथम चिटणीस निवडावा, मग अध्यक्ष. आणि चिटणिसाच्या हाताखालीं एक तरुण सभासद आतांपासूनच बसवावा, अशी आमची सूचना आहे.